एकोणीस हप्ते

"तुमचे वडील परवा येऊन गेले," जाळीपलीकडून अभिमन म्हणाला, आणि कुंदाच्या हातातल्या नोटा मोजायच्या राहिल्या. तीनशे एकोणचाळीस रुपये. पाच वर्षं दर महिन्याला ती हीच रक्कम मोजत आली होती, डोळे मिटून मोजली असती तरी चुकली नसती. पण आता शंभराच्या तीन नोटा एका हातात आणि सुटे दुसऱ्या हातात धरून ती नुसती उभी राहिली. "कोण, नाना? इथं? बँकेत?" "हो. दर वर्षी येतात की." अभिमन शिक्का शाईत दाबत होता, त्याच्या दृष्टीनं ही काही बातमी नव्हती. "आखाजीच्या आधी दोन-तीन दिवस. पांढरी टोपी, हातात पिशवी. तुमच्या कर्जखात्याचा नंबर विडीच्या बंडलाच्या कागदावर कुणाकडून तरी लिहून आणलेला असतो. दर वर्षी तोच कागद. बाकी किती राहिली विचारतात, मी सांगतो. मग त्या बाकावर जरा टेकतात, पाणी पितात नि जातात. तुम्हाला माहीत नव्हतं?" कुंदानं पैसे आत सरकवले. मागच्या माणसानं घसा खाकरला. अभिमननं पावतीवर शिक्का उमटवला, पासष्टावा हप्ता, राहिले एकोणीस, आणि ती बाहेर आग्रा रोडच्या उन्हात आली.

लुनाची सीट तापली होती. तिच्यावर रुमाल टाकून बसताना कुंदाला पहिल्यांदा आला तो राग. पिंपळनेरच्या अलीकडच्या गावच्या फाट्यापासून धुळ्यापर्यंत एसटीनं तीन तास यायचं, बँकेतल्या माठातलं पाणी प्यायचं आणि तीन तास परत जायचं. आणि बँकेपासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर, गल्ली नंबर पाचमध्ये, खाली किराणा दुकान नि वर दोन खोल्या. नानांना ते घर ठाऊक होतं. तिच्या लग्नानंतर दोनदा आले होते, दोन्ही वेळा माय बरोबर होती म्हणून आले, आणि लेकीच्या घरचं जेवायचं नाही या आपल्या जुन्या हट्टापायी दोन्ही वेळा घरून बांधून आणलेली भाकरी जिन्याच्या पायरीवर बसून खाल्ली होती. चुडामण, तिचा नवरा, हायस्कुलात गणित शिकवायचा, त्यानं तेव्हा हात जोडले होते, "नाना, निदान चहा तरी." नाना हसले होते आणि चहाही प्यायले नव्हते. असा माणूस एकटा का येईल, हे एक वेळ समजू शकत होतं. पण बँकेत? बाकी विचारायची तर तिला विचारायची. तिनं काय बुडवलं होतं? एकही हप्ता चुकला नव्हता. बाळंतपण झालं त्या महिन्यातसुद्धा चुडामण येऊन भरून गेला होता. नाना आपल्यावर पाळत ठेवतात की काय, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला आणि त्याची तिला तिथल्या तिथं लाज वाटली.

दवाखान्यात निवृत्त हेडमास्तर खांदा धरून बसलेच होते. त्यांचा उजवा हात तीन महिन्यांपूर्वी डोक्याच्या वर जायचा थांबला होता. आता कानापर्यंत येत होता. कुंदानं त्यांचं कोपर एका तळव्यात घेतलं, दुसरा तळवा खांद्याच्या पाठीमागं टेकवला आणि सावकाश हात उचलायला लागली. हे काम तिला मनापासून आवडायचं. अडून बसलेला सांधा आधी अंगावर येतो, मग कुरकुरतो, आणि मग एका जागी, अगदी बोटभर, सैल होतो. ते बोटभर सैल होणं माणसाच्या चेहऱ्याआधी तिच्या तळव्याला कळायचं. धुळ्यातली माणसं तिला व्यायामाची डॉक्टरीण म्हणायची. सुरुवातीला काही जण मालीशवालीही म्हणाले, आता नाही. डोक्यावर फिरणारा पंखा, कोपऱ्यात मेणाच्या शेकाचं यंत्र, खिडकीबाहेर कडुलिंब, दुपारी घरी गेल्यावर दोन वर्षांची पोर पायाला मिठी मारणार, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाऊन अर्धांगवायूचा एखादा रोगी उभा करायचा: सुखी कोणाला म्हणतात असं कुणी विचारलं असतं तर कुंदानं फार लांब पाहिलं नसतं. "आज कुठं लक्ष आहे, ताई?" हेडमास्तर म्हणाले. "दुखलं का?" "नाही. दुखलं नाही म्हणून तर विचारतो. रोज दुखतं."

सुख होतं, पण ते पाटीवर मांडून, पडताळून घेतलेलं सुख होतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. फिजिओथेरपीच्या पदवीचा नफा-तोटा ती कधीपासून काढत आली होती. कर्नाटकातल्या एका खासगी कॉलेजात चार वर्षं काढायला चोवीस हजार रुपये बँकेनं दिले. पदवी हातात पडली आणि पहिला पगार झाला अकराशे. तिची वर्गमैत्रीण प्रमिला हिनं डी.एड. केलं होतं, कर्ज नाही न काही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचा पगार कुंदापेक्षा जास्त होता, वर मे महिन्याची सुटी. पहिली दोन वर्षं प्रमिला भेटली की कुंदा दोघींच्या पगारांची वजाबाकी करत घरी यायची. डोक्यावर ओझं आणि हातात अकराशे, एवढ्यासाठी एवढं लांब गेलो का, असं ती रात्री चुडामणला विचारायची. मग हळूहळू पारडं फिरलं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पगार वाढवला, घरी जाऊन पाहायचे रोगी वाढले, आणि आता महिन्याला चार हजारांच्या आसपास घरात यायचे. याच सुमारास तिला ती युक्ती सुचली. खरं तर सुचली चुडामणला, पण हिशोब तिनं स्वतः केला होता. बँकेचं व्याज शेकडा पाच. पतसंस्था ठेवीवर देते चौदा. मग कर्ज लवकर फेडायचं कशाला? हप्ता रमतगमत चालू द्यायचा आणि वरचे पैसे ठेवीत टाकायचे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत तिनं बारा हजारांची ठेव ठेवली. त्या दिवशी बँकेची बाकी बारा हजारांच्या आतच होती; मनात आणलं असतं तर कर्ज त्याच दुपारी संपलं असतं. पण शिकलेल्या बाईनं असं वेड्यासारखं का करावं? फ्रीज आला, लुना आली, ठेव वाढत राहिली. चुडामण वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना, नाव न घेता, हे उदाहरण द्यायचा.

हेडमास्तरांचा हात खाली येता येता मध्येच अडला, आणि त्यांनी नकळत मान वाकडी करून तो खांदा वर ओढला. तसाच खांदा नाना ओढायचे. कुंदानं हात थांबवला. तो ओटा तिला आत्ता, या पंख्याखाली, लख्ख दिसला. दहा वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया, खान्देशातली आखाजी; जीवराम आबांचा शेणानं सारवलेला ओटा. नाना जीवराम आबांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला जुनं साल संपायचं नि नवं ठरायचं: रोकड किती, बाजरीची पोती किती, चपलांचे जोड किती. गावभर आदल्या संध्याकाळी ओट्याओट्यांवर घासाघीस चालायची. गडी उठून जायचे, मालक हाका मारून परत बोलवायचे, दोघांनाही त्यात मोठी गंमत वाटायची. नाना त्यात पटाईत होते. लहानपणी कुंदा खांबाआडून पाहायची. आबा आकडा सांगायचे. नाना खांदा वर ओढून म्हणायचे, "नही जमत, आबा," आणि टोपी झटकून पायऱ्या उतरायला लागायचे. माय घरी विचारायची, किती वेळा उतरले? तीन वेळा उतरले की पोती वाढली समजायचं.

त्या वर्षी मात्र साल ठरायच्या आधी कुंदाचा कागद निघाला. बँकेला जामीन हवा होता, आणि सातबारा असलेला माणूस नानांच्या ओळखीत एकच. आबांनी चष्मा लावून अर्ज उलटासुलटा पाहिला, वाचता येत होता तेवढा वाचला. "चार वरीस शिकीसन कितलं कमाडशी, बेटा?" कुंदानं छातीठोक सांगितलं होतं, महिन्याला पंधराशे. कशाच्या आधारावर, देव जाणे. आबा कितीतरी वेळ हसले होते. "उखर्डू, तू वर्षभर राबीसन तीन हजार लेस, आन् तुनी पोर दोन महिनामां." मग त्यांनी सही केली. मनापासून केली, अडवून नाही, हेही कुंदाला नीट आठवत होतं. वर मायला म्हणाले होते, पोरीला शेवया-पापड बांधून दे, तिकडं भात खाऊन मरेल. आणि मग नव्या सालाचा आकडा सांगितला. नानांनी खांदा ओढला नाही. टोपी झटकली नाही. "व्हई, आबा," एवढं म्हणाले. कुंदा तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिच्या डोळ्यांसमोर कर्नाटकचं कॉलेज होतं. एक आखाजी बिनघासाघिशीची गेली, हे तिला कशाला टोचावं?

पण पुढच्याही सगळ्या तशाच गेल्या होत्या. हे तिला माहीत होतं, म्हणजे मायनं सांगितलेलं होतं, ऐकून सोडून दिलेलं होतं. गेल्या आखाजीला खापरावर पुरणपोळी टाकता टाकता माय बोलली होती, "बठ्ठा गडीस्ना भाव वाढना. झुलाल काल्हदिन लागना, त्याले आठ हजार. तुना बाप तोंडच उघडस नही." कुंदानं त्यावर काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, नाना आता थकले, त्यांना साल सोडायला सांग, आमच्याकडं या. किती समजूतदारपणे म्हटलं होतं! आणि नाना अंगणात घागरीला दोरा गुंडाळत होते, त्यांनी वर पाहून विचारलं होतं, "तुनं ते बँकनं कसं चालू शे, बेटा?" "चालू आहे नाना, काही घाई नाही," कुंदा म्हणाली होती. काही घाई नाही. ते शब्द आता तिच्या कानात असे वाजले की तिनं हेडमास्तरांचा हात हलकेच उशीवर ठेवला आणि म्हणाली, "सर, आजच्यापुरतं एवढंच. मला जायचंय." आबांची सही जोवर बँकेच्या कागदावर आहे तोवर आबांशी भाव करायचा नाही, असं त्या माणसानं स्वतःशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही. दर वर्षी आखाजीआधी बँकेत येऊन फक्त पाहायचं, यंदा तोंड उघडता येईल का. आणि आपण ते तोंड चौदा टक्क्यांसाठी बंद ठेवलं. तिला रडू आलं नाही; कानशिलं तापली, आणि चोरी सापडलेल्या माणसासारखं भर दुपारी रस्त्यावर कुणाकडं पाहू नये असं वाटलं.

पतसंस्थेतल्या कारकुनाला हे मुळीच पटलं नाही. "अहो ताई, आणखी दीड वर्ष थांबा. मुदतीआधी मोडली तर व्याज निम्म्यावर येईल. घरात काही आजारपण वगैरे?" "नाही." "मग?" कुंदाला एकदम हसू आलं. या माणसाच्या जागी कालपर्यंत तीच होती. अगदी याच स्वरात तिनं हे कुणालाही समजावलं असतं. "उद्या आखाजी आहे," ती म्हणाली, आणि त्यानं मान हलवून कागद पुढं केला. बँकेचं काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरली असताना तिनं सहा हजार एकशे ऐंशी रुपये जाळीखालून आत सरकवले. अभिमननं ते दोनदा मोजले, मग खातं बंद केल्याचं पत्र टाइप करायला घेतलं. "खाली जामीनदाराचंही लिहा," कुंदा म्हणाली, "जामीन सुटला म्हणून. ठळक." अभिमननं ती ओळ लाल फितीनं टाइप केली. चुडामणसाठी शेजारी निरोप ठेवून, पोरीला नि दोन झबल्यांच्या पिशवीला उचलून ती अडीचच्या बसला बसली.

बसमध्ये सगळ्या माहेराला निघालेल्या. बांगड्या, डब्यांतल्या सांजोऱ्यांचा वास, कुणाच्या मांडीवर कोंबडीसुद्धा. साक्री येईपर्यंत पोर झोपली आणि कुंदानं बँकेच्या पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. ही सवय काही एका दिवसात जाणार नव्हती. आबा आपणहून वर्षाला दोनशे वाढवत आले. म्हणजे नानांना आता पाच हजार. इतरांना आठ. फरक पहिल्या वर्षी शंभर-दोनशेचा, मग पाचशे, हजार, दोन हजार; दहा वर्षांची बेरीज पंधरा हजारांवर गेली, पोती आणि चपला सोडून. बँकेनं सगळं मिळून व्याज घेतलं असतं साडेचार हजारांच्या आसपास. पाच टक्क्यांचं स्वस्त कर्ज! तिनं प्रमिलाशी पगार ताडून पाहिला होता, चुडामणशी चक्रवाढ केलं होतं. या रकान्यात काही लिहायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं पावती घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि गावी पोचल्यावर काय बोलायचं ते जुळवायला लागली. नाना, आता साल बंद. नाना, आता आमच्याकडं. एक खोली वाढवून घेऊ, जेवायचं नसेल तर माय वेगळी चूल मांडेल. हे सगळं ती मनात तीन-चारदा म्हणाली, आणि प्रत्येक वेळी ते तिला जास्त शहाणपणाचं वाटलं.

फाट्यावर उतरून, घरी पोरीला मायच्या, भिकुबाईच्या, कडेवर देऊन ती तशीच आबांच्या ओट्याकडं गेली तेव्हा उन्हं कलली होती. कडुलिंबाला झोके बांधले होते आणि पोरीबाळींचा कालवा चालला होता. आबा तक्क्याला टेकलेले, समोर पानाचं तबक. नाना पायरीवर, टोपी नीट बसवून. बाजूला झुलाल, त्याचं साल आधीच ठरून गेलेलं, म्हणून खुशीत. "तू आजच ऊनी?" नाना उठून उभे राहिले. "आबास्ले काय म्हनू ऱ्हायनू, यंदा बी..." "नाना, थांबा." तिनं पत्र त्यांच्या हातात दिलं. नानांना वाचता येत नव्हतं, पण लाल ओळीवर त्यांचा अंगठा बरोबर जाऊन थांबला. "किती बाकी शे?" "काहीच नही, नाना. बठ्ठं फिटी गयं. आबांचा जामीन सुटला." नानांनी कागद आबांपुढं धरला. आबांनी चष्मा लावला, ओठ हलवत लाल ओळ वाचली आणि कागद परत दिला. "बरं व्हयनं. गुणी पोर शे," ते म्हणाले. मग नेहमीच्या स्वरात पुढं, "मंग, उखर्डू? पाच हजार, दोनशे वर. तेच धरू ना?"

 नानांचा उजवा खांदा सावकाश वर आला. वयानं तो आता पूर्वीसारखा उचलत नव्हता, मध्ये अडला, हे कुंदाच्या तळव्याला इतक्या लांबून कळलं; पण आला.

"नही जमत, आबा."

आबांचा पानाचा हात तोंडापाशी थांबला. "काय म्हने?"

"इतलामां नही जमत. यंदा भाव व्हई."

"अरे, मंग दहा वरीस काबरं बोलना नही? मी कधय ना म्हनेल शे का तुले?"

"तुम्हीन म्हनेल नही, आबा," नाना शांतपणे म्हणाले. "तुम्हनी सही व्हती." त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि पायऱ्या उतरायला लागले. आबा मागून म्हणाले, सहा. नाना थांबले नाहीत. आबा म्हणाले, साडेसहा आन् दोन पोती. "सकाय सांगसू," नाना वळून न पाहता म्हणाले. "सकाय? अरे, सकाय आखाजी शे!" "मंग आखाजीलेच सांगसू."

कुंदाला बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. नाना तिच्या पुढं फाट्याच्या दिशेनं चालत होते, भराभरा, पाठ ताठ, आणि वाटेत भेटेल त्याला उगाचच राम राम घालत होते. या माणसाला आमच्याकडं येऊन राहा म्हणणं म्हणजे आज त्याच्या हातातलं हुकमाचं पान काढून घेणं होतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या बुडाशी दहा आखाज्या बोचत राहिल्या. दोन्ही एकदमच होतं, आणि ते तसंच राहणार हेही तिला कळलं. फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून नानांनी दोन चहा सांगितले. पैसे तिनं काढले तर त्यांनी हात धरला नाही. लेकीच्या पैशाचा चहा! तिनं त्यावर काही बोलायचं टाळलं. बोललं तर तो परत जाईल अशी भीती वाटली.

"कितला सांगसात, नाना?"

"आठ. झुलालनाइतला."

"नऊ सांगा," ती म्हणाली. "मग आठवर या."

नानांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते इतके हसले की ठसका लागला. "शिकेल शे मनी पोर," ते हॉटेलवाल्याला म्हणाले.

तेवढ्यात झुलाल धापा टाकत आला. "उखर्डूनाना, आबा बलाई ऱ्हायनात. सात म्हनतस. लवकर चाला, त्या ओटावरच उभा शेत."

"सांग त्यास्ले," नाना म्हणाले, "पोर उनी शे. च्या पी ऱ्हायनू."

झुलाल उभाच राहिला. तिकडं ओट्यावर पांढरं धोतर इकडून तिकडं फिरताना दिसत होतं. नानांनी कप उचलला, चहा बशीत ओतला. तो केव्हाच थंड झाला होता. तरी ते सावकाश फुंकर घालत बसले.